संत्रा आमचा, वाघ आमचा

अमरावती आणि अकोला यांच्यात शंभरेक किलोमीटरचं अंतर आहे. ते कमी होऊ नये याची काळजी दोन्ही गावांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या घेत आले आहेत. अमरावतीला विभागीय आयुक्त बसतात, म्हणून अकोल्याला राग. अकोल्याला 1969 पासून कृषी विद्यापीठ आहे, म्हणून अमरावतीनं 1983 मध्ये आपलं वेगळं विद्यापीठ मिळवलं, असं अकोल्यात सांगतात. अमरावतीची अंबादेवी, अकोल्याचा राजराजेश्वर. देवांचं आपसात काही नाही, भक्तांचं आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा देशभर गाजतो. ही एकच गोष्ट अमरावतीकर मान्य करतात, पण तीही अशी : “तुमच्याकडं आकडा जास्त, आमच्याकडं चटका जास्त.”

16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. त्या दिवशी अकोल्यात सुतक असल्यासारखी शांतता असेल असं बाहेरच्याला वाटलं असतं. तसं काही नव्हतं. अकोल्याची शिवणीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. ती लांब व्हायची वाट पाहण्यात अकोल्याच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. पण अकोलेकराचा युक्तिवाद तयार होता : “इमानतळ तं आमचंच जुनं हाय. इमान काय, येईन तवा येईन.”

माझं आजोळ अकोल्याचं आणि घर अमरावतीचं. त्यामुळे मला दोन्हीकडे पाहुण्याचा मान मिळतो, म्हणजे चहा मिळतो आणि माझं मत कुणी मोजत नाही. निरीक्षणाला यापेक्षा चांगली जागा नाही.

अशा या नांदत्या घरात जून 2025 मध्ये विदर्भ क्रिकेट संघटनेनं विदर्भ प्रो टी-ट्वेन्टी लीग आणली. पुरुषांचे सहा संघ, महिलांचे तीन, आणि मैदान नागपूरजवळचं जामठा. संघांची नावं जाहीर झाली तेव्हा अमरावतीच्या राजकमल चौकातल्या टपरीवर एकानं मोबाइलवरून ती मोठ्यानं वाचून दाखवली. नेको मास्टर ब्लास्टर. पगारिया स्ट्रायकर्स. भारत रेंजर्स. ऑरेंज टायगर्स. नागपूर टायटन्स. नागपूर हीरोज.

“मंग?” कुणीतरी विचारलं.

“मंग काय. झाली यादी.”

“आपली टीम?”

यादी पुन्हा वाचली गेली. एकानं मोबाइल हिसकावून खाली-वर सरकवून पाहिला, न जाणो एखादं नाव खाली दबून राहिलं असेल. नव्हतं. अकरा जिल्ह्यांच्या विदर्भात सहा संघ, त्यांत नागपूर दोनदा. भारतसुद्धा एकदा. अमरावती नाही, अकोला नाही.

मला वाटलं होतं, इथं विषय संपेल. आपला संघच नसेल तर माणूस भांडेल कशावरून? वऱ्हाडाचा माझा अभ्यास किती कच्चा आहे ते तेव्हा कळलं. संघ असता तर लोकांनी सामने पाहिले असते. संघ नव्हता, म्हणून सगळा वेळ चर्चेला मोकळा मिळाला.

पहिली तक्रार अर्थातच अनुशेषाची. हा शब्द वऱ्हाडात लहान मुलाला ‘आई’नंतर शिकवतात. दांडेकर समितीनं 1984 मध्ये सिंचनाचा, रस्त्यांचा, शाळांचा, विजेचा अनुशेष मोजून दिला. क्रिकेटचा अनुशेष तेवढा मोजायचा राहिला, तो आता टपरीवर मोजला गेला. यात एक सुंदर उतरंड आहे. मुंबई-पुण्यानं आमच्यावर अन्याय केला, असं नागपूर म्हणतं आणि त्यासाठी 1953 च्या नागपूर कराराचा दाखला देतं. नागपूरनं आमच्यावर अन्याय केला, असं अमरावती म्हणते. अमरावतीनं सगळं पळवलं, असं अकोला म्हणतं. आणि अकोल्यात हे चाललेलं असताना कोपऱ्यात बसलेला वाशीमचा माणूस हळूच म्हणतो, “आमाले 1998 पर्यंत तुमच्याच जिल्ह्यात ठेवलं होतं तुमी. आमाले इचारा.” त्याला कुणी विचारत नाही. त्याच्या खाली गाव उरलं असतं तर तिथल्या माणसानं वाशीमचं नाव घेतलं असतं.

दुसरी तक्रार जास्त हुशारीची होती आणि ती अकोल्याची होती. पुण्याकडच्या संघटनेनं 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग काढली. तिच्यात पुणेरी बाप्पा, कोल्हापूर टस्कर्स, सोलापूर रॉयल्स, ईगल नाशिक टायटन्स अशी गावागावांची नावं आली. एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन क्रिकेट संघटना असल्यामुळे त्या लीगमध्ये आपल्याला जागाच नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका कापूस-दलाल काकाजींचं बोट दुसऱ्याच नावावर होतं : रत्नागिरी जेट्स.

“रत्नागिरीले तवा प्रवासी इमान होतं का?”

“नाई.”

“तरी जेट्स?”

“तरी जेट्स.”

“अन् 2023 अन् 2024, दोन्ही साल कप कोनं नेला?”

“रत्नागिरीनं.”

काकाजी मागे टेकून बसले. “मंग शिवणीनं काय घोडं मारलं होतं?”

या प्रश्नाला उत्तर नाही. मी तो अमरावतीत नेऊन विचारला. तिथल्या लोकांनी थोडा वेळ खरोखर विचार केला, आणि ‘त्यायच्या टीमचं नाव अकोला वेटिंग लिस्ट ठेवा’ असं सुचवलं. हे मी परत अकोल्याला नेलं नाही. आजोळी जेवायला जायचं असतं.

नावांचा विषय निघालाच होता, तर तो तडीस नेणं भाग होतं. संघाच्या नावाचा एक अलिखित नियम पोरांनी शोधून काढला होता : आधी ज्याचे पैसे त्याचं किंवा गावाचं नाव, आणि मग एखादं जनावर, नाहीतर मारामारी. या हिशेबानं संध्याकाळभरात बडनेरा बुलेट्स, पऱ्हाटी पँथर्स, दालमिल डॅशर्स आणि गिलावडा ग्लॅडिएटर्स एवढे संघ तयार झाले. खेळाडू शोधायचे तेवढे बाकी होते. एका पोट्ट्यानं ‘अमरावती अनुशेष’ असं सुचवलं. त्यात जनावर नाही म्हणून ते फेटाळलं गेलं.

पण खरा शोध लावला तो एका कापडदुकानदारानं. ‘ऑरेंज टायगर्स’ हे नाव ऐकल्यापासून तो अस्वस्थ होता. गिऱ्हाइकाला साडी दाखवताना मध्येच थांबायचा. एका संध्याकाळी तो टपरीवर आला तो उलटतपासणीच्या तयारीनं.

“ऑरेंज मंजे काय?”

“संत्रा.”

“संत्रा कुठी पिकते?”

“नागपूर...”

“नाव नागपूरचं! पिकते कुठी?”

“वरुड-मोर्शीले.”

“वरुड कोन्या जिल्ह्यात हाय?”

सगळ्यांचे चहाचे कप हवेत थांबले.

“आता टायगर. वाघ कुठी रायते?”

“मेळघाटात.”

“मेळघाट कोन्या जिल्ह्यात हाय? 1973 मधी देशात पयले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यात महाराष्ट्रातून कोणाचं नाव होतं?” त्यानं एका दमात चहा संपवला. “संत्रा आमचा, वाघ आमचा. मंग ऑरेंज टायगर्स टीम कोणाची झाली?”

त्या क्षणी अमरावतीला संघ मिळाला. संघाला याची कल्पना नव्हती. पण भक्तानं देव मानला की देवाची संमती लागत नाही. पेंचचं नाव मध्ये काढेल म्हणून नागपूरच्या माणसाला या चर्चेत कुणी बसू दिलं नाही.

ही बातमी रेल्वेनं तासा-दीड तासात अकोल्याला पोचली, कारण अशा बातम्या मीच पोचवतो. काकाजींनी डोळे मिटून ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “नरनाळा कोन्या जिल्ह्यात हाय?” नरनाळ्याचं अभयारण्य अकोटजवळ, म्हणजे अकोला जिल्ह्यात, आणि मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पालाच जोडलेलं. “वाघाले कोनं सांगतलं, की बाबू, इथून पुढं अकोला लागते, मांगं फिर? तुमी संत्रा घ्या. वाघ अर्धा आमचा.” संत्र्यावर हक्क सोडताना त्यांचा चेहरा मोठ्या मनाच्या माणसासारखा झाला होता.

एवढं होईपर्यंत लीगमध्ये एकही चेंडू पडला नव्हता.

चेंडू पडायला लागल्यावर वादाला हाडामांसाची माणसं मिळाली, आणि इथून पुढं गोष्ट गंभीर झाली. कारण संघ नसला तरी दोन्ही गावांकडे एकेक पोरगा आहे. अमरावतीकडे जितेश शर्मा आणि अकोल्याकडे अथर्व तायडे. जितेश यष्टिरक्षक, खाली येऊन हाणणारा. तायडे डावखुरा, वर येऊन उभा राहणारा. म्हणजे क्रिकेटच्या दृष्टीनं दोघांचं काहीच आड येत नाही. एक सुरुवात करतो, दुसरा शेवट. पण दृष्टी क्रिकेटची असेल तर ना.

त्या जूनमध्ये अमरावतीची बाजू भलतीच भारी होती. 27 मे 2025 ला आयपीएलमध्ये लखनौला 228 धावांचं लक्ष्य असताना जितेशनं 33 चेंडूंत नाबाद 85 केल्या आणि बंगळुरूला जिंकून दिलं. पुढं 3 जूनला अहमदाबादला बंगळुरूनं अठरा वर्षांची तपश्चर्या संपवून कप उचलला. त्या अंतिम सामन्यातही जितेशनं 10 चेंडूंत 24 धावा काढल्या होत्या. आणि लगोलग तो जामठ्याला नेको मास्टर ब्लास्टरचा कर्णधार. अमरावतीत त्या आठवड्यात प्रत्येकाची त्याच्याशी ओळख होती. कुणी त्याच्या शाळेच्या रस्त्यानं जायचा, कुणाच्या मेव्हण्यानं त्याला चेंडू टाकला होता, आणि एकाचा तर दावा होता की त्याच्याच अंगणातली काच जितेशनं फोडली. ही काच अमरावतीत किमान पाच वेगवेगळ्या मोहल्ल्यांत फुटलेली आहे. जितेशनं मुलाखतींत सांगितलं आहे की त्याला खरं तर सैन्यात जायचं होतं आणि शाळेत क्रिकेट सुरू केलं ते वाढीव गुणांसाठी. तेव्हापासून दहावीच्या मुलांच्या आयांची पंचाईत झाली आहे. “खेळू नोको, अभ्यास कर” म्हणावं तर कार्टं म्हणतं, “गुणासाठीच तं खेळून रायलो.”

अकोल्याला हे सगळं ऐकून घ्यावं लागलं. लखनौच्या त्या सामन्यात दिग्वेश राठीनं गोलंदाजी करताना जितेशला आपल्याच टोकाला धावबाद करायचा प्रयत्न केला होता आणि ऋषभ पंतनं अपील मागं घेतलं होतं, यावर त्यांनी थोडा वेळ तग धरला. पण ही तोंडी लावायची गोष्ट झाली. खरा पत्ता काकाजींनी शेवटपर्यंत राखून ठेवला होता. एका रविवारी अमरावतीचे तिघे-चौघे लग्नासाठी अकोल्याला आले होते. पंगतीला वेळ होता. मंडपाच्या बाहेर खुर्च्या टाकून बसलेल्या काकाजींनी तो टाकला.

“धर्मशालेत काय झालं होतं?”

अमरावतीकरांच्यात चुळबूळ झाली.

तारीख 17 मे 2023. पंजाब विरुद्ध दिल्ली. पंजाबला 214 हव्या होत्या. अकोल्याचा तायडे 42 चेंडूंत 55 वर खेळत होता. पंधरा षटकं झाली, धावांची गती कमी पडतेय म्हणून पंजाबनं त्याला ‘रिटायर्ड आउट’ करून परत बोलावलं. बाद नाही, जखमी नाही, नुसतं “ये बाबा आता”. आयपीएलमध्ये असं आधी एकदाच झालं होतं, 2022 मध्ये अश्विनचं. बरं, तायडेच्या जागी मैदानात कोण आलं? देशाची एवढी लोकसंख्या, पंजाबच्या डगआउटमध्ये जगभरचे खेळाडू. आणि आला कोण, तर अमरावतीचा जितेश शर्मा.

“मंग?” काकाजींनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. अमरावतीकरांनाही माहीत होतं. मंडपातल्या बँडवाल्यालाही माहीत असावं, कारण तो वाजवायचा थांबला.

“तीन बॉल,” एक अमरावतीकर खाली पाहत म्हणाला.

“अन् रन?”

“...”

“शून्य!” काकाजी म्हणाले. “अन् मॅच कितीनं हारले? पंधरानं. आमच्या पोट्ट्याले उठोलं, खुर्ची खाली केली, सतरंजी आंथरली, अन् तुमचा पोट्टा आला तसा गेला.”

मला विचाराल तर पंजाबचा हिशेब साफ चुकीचा नव्हता. 42 चेंडूंत 55 ही खेळी एरवी वाईट नाही, पण 214 च्या पाठलागात ती गाडी मागे ओढते. दुसरीकडे, लियाम लिव्हिंगस्टोन समोरून 94 करत असताना जमलेला फलंदाज उठवायचा आणि नवा पाठवायचा हाही जुगारच. म्हणजे दोन्ही बाजूंना थोडं थोडं तथ्य होतं. वऱ्हाडात वादासाठी याहून वाईट परिस्थिती नसते. तथ्य एकाच बाजूला असतं तर वाद पंगतीआधी संपला असता. हा वाद मठ्ठ्यापर्यंत चालला. नवरदेवाच्या मामांनी दोन्हीकडच्या मंडळींना वेगवेगळ्या ओळींत बसवलं, वाढपीही वेगळे दिले.

पुढं 2025-26 च्या हंगामात जितेश विदर्भ सोडून बडोद्याकडे गेला. अकोल्यात दिवाळी महिनाभर आधी आली. त्यातच ऑक्टोबरमध्ये जामठ्याला इराणी करंडकाच्या सामन्यात तायडेनं शेष भारताविरुद्ध 143 धावा काढल्या, सामनावीर झाला आणि विदर्भानं तो करंडक जिंकला. आता अमरावतीनं काय बोलावं? मी मुद्दाम ऐकायला गेलो. कापडदुकानदार शांतपणे कापड मोजत होता. “बडोद्याले गेला मंजे काय झालं? अमरावती-सुरत गाडी हायच ना आपली. सुरतेहून बडोदा मंजे मांगचं अंगण. अन् गायकवाड कोण होते? मराठीच.” मग मीटर खाली ठेवून म्हणाला, “अन् ते एकशेत्रेचाळीस त्यानं टी-ट्वेन्टीत केले का?”

म्हणजे अखेर गाडी मूळ प्रश्नावर आली : हा छोटा खेळ, हा खेळ आहे का?

या विषयावर दोन्ही गावं एक होतात आणि वयानं फुटतात. आमचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या मते क्रिकेट तेव्हाच संपलं जेव्हा सामन्याचा एका दिवसात निकाल लागू लागला. 1983 चा विश्वचषक साठ षटकांचा होता, तिथपर्यंत ते कसेबसे येतात. पन्नास षटकं ते तोंड वाकडं करून सोसतात. वीस षटकांचं नाव काढलं की चष्मा काढून पुसायला लागतात. “साठ, पन्नास, वीस, मंग त्या अरबाच्या देशात दहा, इंग्लंडात शंभर बॉल. पुढच्या वर्षी दोघं कॅप्टन येतील, टॉस करतील, अन् कप घेऊन घरी जातील. लोक तिकिटं काढतील. टॉसच्या रिप्लेमध्ये जाहिरात येईल.”

पोरांचं म्हणणं सरळ होतं. टर्फ तासाच्या हिशेबानं भाड्यानं मिळतं. तासात वीस षटकं बसत नाहीत, तर पाच दिवस कुठून आणायचे? “गुरुजी, तुमच्या टेस्टमधी पयल्या दिवशी लंचपर्यंत काय होते?”

“बॅट्समन सेट होते.”

“अन् लंचनंतर?”

“मंग औट होते.”

“आमी तेच तीन बॉलमधी करतो.” यावर सगळे हसले. एका अमरावतीकरानं मात्र ‘तीन बॉल’ हा शब्द मनाला लावून घेतला.

या भांडणात तिसरा पक्ष आला तो अनपेक्षित. तळेगाव दशासरकडचा एक कास्तकार बियाणं घ्यायला अमरावतीला आला होता आणि टपरीवर सावलीला उभा होता. हा सगळा वेळ तो ऐकत होता. तळेगावचा शंकरपट अख्ख्या वऱ्हाडाला माहीत आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, आणि मधल्या साडेसात वर्षांत तळेगावच्या माणसाला संयम आणि विनोद दोन्ही आले. तो म्हणाला, “वीस षटकं मंजे किती वेळ?”

“तीन-साडेतीन घंटे.”

“अन् त्याले तुमी शॉर्ट म्हणता?” त्यानं तोंड पुसलं. “आमच्या पटात जोडी सुटली की संपली. माणसानं नाक शिनकलं तं निकाल हुकते. धुरकऱ्याले सेकंदाचे बी तुकडे मोजून देतात. तीन घंटे तं आमाले जोडीले पाणी दाखवाले लागतात.”

गुरुजी पहिल्यांदा निरुत्तर झाले. झटपट खेळाचा शोध 2003 मध्ये इंग्लंडनं लावला असं ते समजत होते. तो इंग्लंडचं नावही न ऐकलेल्या बैलांनी कधीच लावून ठेवला होता.

आणि जलद कामाचंच म्हणाल तर आपण काही मागं नाही. अमरावती-अकोला हा महामार्ग वर्षानुवर्षं असा होता की गाडीत बसलेल्याला आपली सगळी हाडं पाठ व्हायची. कंत्राटदार येत, जात. आणि मग जून 2022 मध्ये लोणी ते माना या टप्प्यात पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अखंड टाकला गेला. गिनेस बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता. तो बऱ्याच कमी लांबीचा आणि दहा दिवसांचा. गुरुजी या रस्त्यालाही कसोटी क्रिकेटच्या खात्यात धरतात, कारण काम 3 तारखेला सुरू होऊन 7 ला संपलं, म्हणजे बरोबर पाच दिवस. पोरं म्हणतात, आधीची वर्षं मोजा ना. चौदा षटकं नुसतं प्लेड अँड मिस्ड, शेवटच्या सहात दोनशे. याला टी-ट्वेन्टीच म्हणतात.

पैजा लागल्या, हे सांगायला नको. पैशांच्या नाहीत. अमरावतीकडून गिलावडा, अकोल्याकडून रोडग्यांची पार्टी. यात अकोला फसला, असं माझं स्पष्ट मत आहे. गिलावडा ठेल्यावर उभ्या उभ्या मिळतो आणि दोन मिनिटांत पैज फिटते. रोडगे म्हणजे आधी शेत ठरवा, गोवऱ्या लावा, निखारे पडेपर्यंत बसा, वांग्याची भाजी होईपर्यंत बसा, रोडग्यावरची राख झटका, तूप ओता. रोडगे हे पाच दिवसांचं क्रिकेट आहे. वीस षटकांची पैज हरून पाच दिवसांचं जेवण घालणं हा व्यवहार कापूस-दलालाला शोभणारा नव्हता.

एका संध्याकाळी टपरीमागं भजी तळणाऱ्या काकूंनी झारा खाली ठेवला. “बायायच्या तीन टीमा हायेत ना त्यात? त्यायचं काऊन कोणी बोलत नाई?” कुणालाच त्यांची नावं माहीत नव्हती. जितेशनं काच फोडल्याची पाचही प्रकरणं माहीत असलेली माणसं कढईकडं पाहत राहिली. काकू म्हणाल्या, “माई भाची कीपिंग करते शाळेत. तुमच्यातल्या एकाले तरी बॉल पकडता येते का?” त्या दिवशी भजी अंमळ जळलेली आली आणि सर्वांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

जामठ्याला प्रत्यक्ष सामना पाहायला किती जण गेले? अमरावतीहून जामठा दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. लीग जूनमध्ये. आणि जूनमध्ये वऱ्हाडी माणसाचं एका डोळ्याचं बुबुळ मोबाइलवर असतं आणि दुसरं आभाळावर. 7 तारखेच्या सुमारास मृग लागतो. मृग बरसला तर मॅच बुडते, नाही बरसला तर पऱ्हाटी. त्यामुळे ज्याच्याकडे चार एकर आहेत तो चाहता पावसासाठी हात जोडायचा आणि जोडता जोडता मध्येच थांबायचा. पावसानं षटकं कमी झाली तर लक्ष्य किती, हे डकवर्थ-लुईससारख्या हिशेबानं ठरतं. हा हिशेब समजून घ्यायच्या भानगडीत इथं कुणी पडलं नाही. पीकविम्याची भरपाई कशी ठरते हे ज्यानं एकदा विचारून पाहिलंय, तो असल्या सूत्रांपुढं नुसती मान डोलावतो.

शेवटी टपरी आणि जठारपेठ यांनी मिळून ठरवलं की रडत बसण्यापेक्षा पश्चिम विदर्भाचा स्वतःचा एक संघ मागायचा. रीतसर निवेदन द्यायचं. निवेदन ही वऱ्हाडाची आवडती साहित्यकृती आहे, त्यामुळे मसुदा फटाफट झाला. बैठक मूर्तिजापूरला घ्यायची ठरली, दोघांना सोयीचं म्हणून. मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात आहे हे लक्षात आल्यावर अमरावतीनं बडनेरा सुचवलं. बडनेरा हे अमरावतीच आहे, असं अकोल्यानं लक्षात आणून दिलं. बैठक अखेर हमरस्त्यावरच्या एका धाब्यावर झाली. तो धाबा नेमक्या कोणत्या जिल्ह्यात येतो हे मालकाला कुणी विचारलं नाही.

संघाचं नाव ‘वऱ्हाड’ यावर एकमत झालं. पुढचं जनावर नंतर ठरवू म्हणून ते कलम मोकळं सोडलं. घरचं मैदान : निम्मे सामने अमरावतीच्या सायन्सकोरला आणि निम्मे अकोला क्रिकेट क्लबला. रंग पांढरा, कपाशीचा. एवढ्या गोष्टी एका बैठकीत ठरल्या म्हणून सगळे जरा घाबरलेच. गुरुजींनी घड्याळ पाहिलं.

मग कुणीतरी विचारलं, “कॅप्टन?”

जेवणाची ताटं आली होती, ती तशीच राहिली. कापडदुकानदार जितेशचं नाव घेणार, हे काकाजींना माहीत होतं. काकाजी तायडेचं घेणार, हे कापडदुकानदाराला. बराच वेळ कुणी घेतलं नाही. तेव्हा बैठकीतल्या सगळ्यात लहान पोट्ट्यानं तोडगा काढला. अर्धे अर्धे करा. पहिल्या दहा षटकांत अकोल्याचा कॅप्टन, तो सुरुवातीलाच खेळायला येते. दहा झाले की तो बाहेर बसंन, अन् अमरावतीचा कॅप्टन आत येईन.

अमरावतीकरांनी माना डोलावल्या. सोय उत्तम होती. काकाजींनी पापड मोडला, आमटीत बुडवला आणि खाता खाता म्हणाले, “आमचा माणूस एकडाव असाच बाहेर बसला होता, बाबू. तिकळे धर्मशालेत.”